लिन आजोबांची गल्ली

आमच्या घरातला सा एसीचा होता. सौदीतल्या खफजी गावच्या त्या तीनमजली इमारतीत प्रत्येक खोलीच्या खिडकीत एकेक जुना एसी बसवलेला होता आणि प्रत्येकाची घरघर वेगळी होती. त्यातला बेडरूमचा सगळ्यांत सुरेल, असं आईचं ठाम मत होतं. सावंतवाडीला ती लग्नाआधी बरीच वर्षं गाणं शिकलेली. तंबोरा मामाकडे गवसणीत घालून ठेवला आणि बाबांच्या मागोमाग ती इकडे आली, तेव्हा तिला वाटलं होतं की गाणंही तिथेच राहिलं. पण सहा महिन्यांत तिने त्या एसीशी जमवून घेतलं. बाबा हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर, मी शाळेत, अशा वेळी ती दार लावून त्याच्या घरघरीत सूर मिळवून बसायची. कॉम्प्रेसर बंद पडला की एसीचा सूर खाली घसरायचा आणि आई तान अर्ध्यावर सोडून त्याच्याकडे एखाद्या आळशी विद्यार्थ्याकडे बघावं तशी बघायची. आवाज बाहेर रस्त्यावर जाणार नाही एवढाच लावायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्या गावात, त्या वर्षांत, ते सगळ्यांना न सांगता कळायचं. अजान सुरू झाली की ती थांबायची आणि संपली की जिथे सोडलं तिथून पुढे घ्यायची. मी तिच्याकडून गाणं शिकले नाही. मी तिला इंग्रजीत उत्तरं द्यायचे आणि ती चिडायची, एवढंच आमचं रोजचं जुगलबंदीचं खातं.

समोरच्या फ्लॅटमध्ये बो नावाचा एक चिनी इंजिनियर राहायचा. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर त्याचं काम असे, त्यामुळे तो तीन-तीन आठवडे घरी नसायचा. एका हिवाळ्यात त्याने आपल्या वडिलांना व्हिजिट व्हिसावर आणलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांना एकटं ठेवून तो समुद्रावर निघून गेला. हे म्हातारे गृहस्थ म्हणजे लिन आजोबा. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळे, पायात कापडी बूट, आणि हातात कायम झाकणाची एक काचेची बरणी. तिच्यात चहाची पानं तरंगत असायची आणि दिवसभर ते तिच्यातच पुन्हा पुन्हा गरम पाणी ओतत. बाबांचं निदान असं की तिसऱ्या पाण्यानंतर तो चहा नसून चहाची आठवण असते.

एके दिवशी दुपारी त्यांनी आमचं दार ठोठावलं. आई नुकतीच गाऊन उठली होती. तक्रार आली, असंच तिला वाटलं. आजोबांनी एक कागद पुढे केला आणि वाकून नमस्कार केला. कागदावर आकडेच आकडे. एक, दोन, तीन, पाच, मध्येच सहा, काहींच्या वर टिंब, काहींच्या खाली टिंब, काहींच्या खाली रेघ. आईला ते विजेचं बिल वाटलं. मी शाळेतून आले तोवर दोघं हॉलमध्ये समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत हसत होती आणि मध्ये सोलकढीचे दोन पेले होते, त्यातला आजोबांचा जेमतेम ओठाला लावलेला. माझं इंग्रजी शाळेतलं, त्यांचं शब्दकोशातलं. तरी अर्ध्या तासात उलगडा झाला. त्यांनी भिंतीपलीकडून आईचं गाणं ऐकून लिहून काढलं होतं. त्यांच्याकडे स्वर आकड्यांनी लिहितात. एक म्हणजे सा, दोन म्हणजे रे, आणि वरच्या सप्तकाला वर टिंब, खालच्याला खाली, अगदी आईच्या जुन्या वहीत असतं तसंच. आईने कागद हातात घेतला आणि आकडे बघत गायला लागली. तिचंच गाणं तिच्यासमोर परक्या माणसाने आणून ठेवलेलं. ती पहिल्या दोन ओळी गायली आणि मग तिला पुढे गाता येईना, कारण तिचे डोळे भरून आले होते. हे मी प्रथमच बघत होते, म्हणून मी स्वयंपाकघरात निघून गेले.

आजोबांना मात्र एक शंका होती. ही ओळ तुम्ही तीनदा गायलात आणि तिन्ही वेळा वेगळी गायलात, तर बरोबर कुठली? आईने उत्तर दिलं, तिन्ही. मी भाषांतर करून सांगितलं. त्यांनी कागद परत घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. नंतर मला कळलं की तो माणूस आयुष्यभर ऐंशी वाजवणाऱ्यांसाठी स्वर पक्के करत आला होता, आणि 'तिन्ही' हे उत्तर त्याला कोणी कधी दिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांचं येणं-जाणं सुरू झालं. ते चक्रीफूल घालून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा आणायचे, आई त्यांना सुरमईचं तिखलं वाढायची. सुरमईला तिथे कनद म्हणतात आणि ती आणायला बाबा शुक्रवारी पहाटे मासळीबाजारात जायचे. त्यांच्यासोबत आजोबाही जाऊ लागले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण माशाचे कल्ले उघडून बघण्यात दोघांचं एकमत असायचं. जेवताना आजोबा भाताचा एकही दाणा ताटात ठेवत नसत. तरुणपणी शहरातल्या शिकल्यासवरल्यांना खेड्यात पाठवलं गेलं तेव्हा ते डुकरं पाळायला होते, असं शेंगा सोलता सोलता त्यांनी एकदा सांगितलं. कागद मिळत नसे, म्हणून काठीने जमिनीवर आकडे लिहायचे आणि डुकरं त्यावरून चालून गेली की नवीन लिहायचे. हे सांगताना ते तक्रार करत नव्हते. हवापाणी सांगावं तसं सांगत होते.

ते सिंफनी लिहीत, म्हणजे मोठ्या वाद्यमेळासाठी तास-तासभराच्या रचना. शहराचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात ते पगारी संगीतकार. पहिली सिंफनी वाजली तेव्हा तिच्यावर त्यांचं नाव नव्हतं. सगळ्यांनी मिळून केलेली रचना, असं जाहीर झालं. दुसरीचा शेवट फार उदास आहे म्हणून तो आनंदी करायला सांगितला, त्यांनी झांजा वाढवून दिल्या. तिसरी पाहुण्यांसाठी लांब होते म्हणून तिचा एक भाग कापला. प्रत्येक वेळी ते हो म्हणाले. प्रत्येक वेळी कारण योग्य वाटलं, आणि नंतर कित्येक वर्षं ते मनातल्या मनात कोणाला तरी दोष देत राहिले. कधी समितीला, कधी कंडक्टरला, कधी बायकोला, कारण तिने घराकडे बघून हो म्हणायला सांगितलं होतं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. आता ही चौथी सिंफनी, बहुधा शेवटची, आणि तिचा दुसरा, संथ भाग ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये, एका घडीच्या टेबलावर, कोणतंही वाद्य नसताना लिहून पुरा करत होते. वाद्य कशाला हवं? त्यांना सगळं डोक्यात ऐकू यायचं.

त्या संथ भागात एक जागा होती. आजोबा ज्या गल्लीत जन्मले तिथली संध्याकाळ. कोणी मुलांना हाका मारतंय, कोणी सुऱ्यांना धार लावतंय, कोणी भांडतंय, एक म्हातारी नुसतीच काहीतरी पुटपुटतेय. चार सुरावटी, चारही आपापल्या वाटेने, एकाच वेळी. गल्ली रस्तारुंदीत गेलेली होती, आता तिथे काही नव्हतं. एका दुपारी ते टेलिफोनच्या केबिनमधून परत आले आणि आमच्या दाराशी बरणी न घेता उभे राहिले, तेव्हाच आईने ओळखलं की काहीतरी बिनसलंय. त्यांनी पोस्टाने पाठवलेली पानं ऑर्केस्ट्राच्या डायरेक्टरांनी वाचली होती. ती जागा गोंधळाची आहे, असं त्यांचं म्हणणं. तीन सुरावटी काढा, मुख्य एकच ठेवा, सगळ्यांना तीच वाजवू द्या, लोकांना कळेल. नाहीतर हा भाग कार्यक्रमात घेता येणार नाही.

आईने विचारलं, मग तुम्हाला काय वाटतं? त्यांनी जे उत्तर दिलं ते मी जसंच्या तसं सांगते, कारण भाषांतर करताना मला दोनदा थांबावं लागलं होतं. "आधी मला डोक्यात स्वच्छ ऐकू यायचं. आता त्यांनी गोंधळ म्हटल्यापासून गोंधळच ऐकू येतो. ते बरोबर आहेत की मी पुन्हा घाबरलोय, हे मला ओळखता येत नाही. एकदा कानाने ऐकलं असतं तर कळलं असतं."

वाद्यमेळ आणायचा कुठून? त्या गावात एक बासरी मिळायची मारामार. पण आईला गावडे आठवले. गावडे म्हणजे कुडाळकडचे पाइपफिटर, कंपनीच्या कॅम्पमध्ये राहणारे, रक्तदाब तपासायला बाबांकडे येणारे. कॅम्पात त्यांना बुवा म्हणत, कारण सुट्टीच्या दिवशी खोलीचं दार लावून, जेवणाच्या ताटावर चमच्याने ठेका धरून ते आणि त्यांची आठ-नऊ मंडळी हळू आवाजात भजन करायची. वेल्डर, फिटर, एक क्रेनवाला. सगळे सिंधुदुर्गातले, सगळे बायकामुलं गावी ठेवून आलेले. आईने बाबांना विचारलं, बाबा म्हणाले, विचार करून बघ, नऊ माणसं एका फ्लॅटमध्ये गातायत म्हटल्यावर खालचा हारिस काय म्हणेल. हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. मग बाबाच त्याच्याकडे गेले, त्याच्या पाठदुखीचं औषध घेऊन, आणि डॉक्टरकडे शुक्रवारी मंडळी जेवायला येणार आहेत असं सांगून आले. तेही खोटं नव्हतं, कारण आईने नऊ जणांचं मटण शिजवलं होतंच.

तालमी शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर आणि असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाच्या आधी. आईने चारही सुरावटींचे आकडे सरगममध्ये उतरवले आणि मंडळींचे चार गट करून प्रत्येकाकडून एकेक तोंडी पाठ करून घेतली. इथवर सगळं सुरळीत झालं. भजनाची माणसं, पाठांतराला तयारीची. घोटाळा झाला तो चारही सुरावटी एकत्र आणल्यावर. आजोबांनी हात वर केला, चार गट सुरू झाले, आणि दहा श्वासांच्या आत सगळे आईच्या मुख्य सुरावटीवर येऊन बसले. एकदा, दोनदा, पाचदा. क्रेनवाला परब तर सुरुवातीलाच यायचा. आजोबांना वाटलं, त्यांना आपली ओळ आठवत नाही. तसं नव्हतं. गावडे आईला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनीनू, बाजूचो एक म्हणता आणि आपण दुसरांच म्हणूचां, ह्यां बरां दिसणा नाय. भजनात कोण असो वेगळो गेलो, तर आम्ही तेका सांबाळून घेतव."

म्हणजे ते चुकत नव्हते. ते एकमेकांना सांभाळून घेत होते. शेजारचा वेगळं गातोय म्हणजे बिचारा चुकलाय, त्याला आपल्यात ओढून घ्यायचं किंवा आपण त्याच्याकडे जायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मी हे आजोबांना समजावलं. ते आधी ऐकत राहिले आणि मग हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, आमचे डायरेक्टरही मला हेच करायला सांगतात, फक्त ते हुकुमाने सांगतात आणि ही माणसं मायेने करतात. मग ते गंभीर झाले. मायेला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना त्या वेळी सुचलं नसावं, असं मला वाटलं.

उपाय बाबांनी काढला. त्यांनी आयुष्यात कधी गाणं म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्यांना उपाय सोपा दिसला. माणसं वेगवेगळ्या खोल्यांत घाला आणि प्रत्येकाच्या कानात कापूस. हॉस्पिटलातल्या कापसाचा एक गठ्ठा घेऊन ते आलेच. बेडरूममध्ये आई आणि एक जण. हॉलमध्ये गावडे आणि दोघं. बाथरूममध्ये दोघं, कारण तिथे आवाज घुमतो आणि ती सुरावट म्हातारीच्या पुटपुटण्याची होती, तिला घुमणं लागत होतं. स्वयंपाकघरात परब आणि ज्यांचा सूर जरा इकडेतिकडे होता असे दोन वेल्डर. मधल्या बोळात, जिथे चारही दारं उघडतात, तिथे एकटे लिन आजोबा. दारं चार बोटं उघडी. फटीतून आजोबांचा हात बघून आत ठेका द्यायला प्रत्येक दाराशी एक माणूस हवा होता. हॉलशी बाबा, स्वयंपाकघराशी मी, बेडरूमशी आई स्वतः, बाथरूमशी आतलाच एक जण.

सुरू करायच्या आधी आजोबांनी घरातले सगळे एसी बंद करायला लावले. प्रत्येक खोलीच्या एसीचा सूर वेगळा, तो मध्ये येत होता. बाहेर उन्हाळा पेटलेला. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," असं बाबा पुटपुटले आणि स्वतःच्याही कानात कापूस घातला. हा माणूस ठेका द्यायला उभा राहणार आणि कानात कापूस घालून, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मीही घातला होता. माझ्या पाठीशी तिघं, कपाळावरून घाम ओघळतोय, खिडकीच्या कट्ट्यावर मटणाचं पातेलं अजून गरम, खोबऱ्याच्या वाटणाचा वास. फटीतून मला फक्त आजोबांचा उजवा हात आणि अर्धा चेहरा दिसत होता. हात खाली आला. मी बोटांनी ओट्यावर ठेका धरला आणि तिघं सुरू झाले. खालच्या स्वरांवर, चालत्या बैलगाडीसारखे, एकाच चालीने. या वेळी त्यांना ओढून न्यायला कोणी नव्हतं. परबाने डोळे मिटले होते. बाकीच्या खोल्यांतलं मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. नुसतं भिंतीपलीकडे कोणीतरी बोलतंय, एवढंच.

संपलं तेव्हा आजोबांचा हात तसाच वर राहिला होता. मी दार उघडलं. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. ते स्वतःशीच त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले आणि मग माझ्याकडे बघून इंग्रजीत एकच शब्द. बरोबर. मी तो सगळ्या खोल्यांत जाऊन मराठीत सांगितला. गावडे कापूस काढत म्हणाले, आमचा कायतरी चुकला असतला, परत घेवया. आजोबा नको म्हणाले. एकदा पुरे झालं. मग सगळे एसी सुरू करून आम्ही जेवलो. आईला मात्र तिचं गाणं थांबवून एकदा बोळात उभं राहून ऐकायचं होतं. पुढच्या शुक्रवारी, असं ठरलं. पण त्याच आठवड्यात गावडे आणि त्यांची मंडळी दुसऱ्या साइटवर गेली, त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि कॅम्प दोन्ही तिकडे हलले, आणि तो शुक्रवार आला नाही.

आजोबांनी केबिनमध्ये जाऊन डायरेक्टरांना कळवलं की त्या जागेतलं काहीही काढायचं नाही. बो समुद्रावरून आला तेव्हा भिंतीपलीकडून बापलेकांची वादावादी आम्हाला ऐकू आली. भाषा कळत नव्हती, पण कोण कोणाला विनवतंय ते कळत होतं. मुलाचं म्हणणं साधं होतं, ते त्याने नंतर बाबांना सांगितलं. आयुष्यभर हो म्हणालात, आता एकदा आणखी हो म्हणालात तर काय बिघडलं, निदान वाजेल तरी. तो वाईट मुलगा नव्हता. वडिलांचं नाव एकदा छापलेलं त्याला बघायचं होतं.

मी आता तेव्हाच्या आईच्या वयाची आहे आणि नाशिकला राहते. गाण्यातलं मला अजून फारसं कळत नाही. कधी कोणाला हे सांगितलं, तर हमखास विचारतात, मग ती जागा होती कशी? खरंच गोंधळ होता की नव्हता? मला सांगता येत नाही. आईला तिची खोली माहीत, मला माझी, आणि बाबांना कापूस. त्या चार सुरावटी एकत्र फक्त एका माणसाने ऐकल्या. त्याने बरोबर म्हटलं, ते कानाने म्हटलं की हट्टाने, हे पडताळून बघायला दुसरा साक्षीदार नाही. तरुणपणी मला याची चुटपुट वाटायची. आता तितकीशी वाटत नाही.

उन्हाळा ओसरता ओसरता आजोबांना चीनहून फोन आला. सिंफनी वाजली होती, त्यांच्या नावाने, तीन भागांत. संथ भाग गाळला होता. लोकांना आवडली, असंही कळलं. त्याच संध्याकाळी आई आणि मी तळलेली सुरमई घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. आईने ताट टेबलावर ठेवलं. ती मला म्हणाली, विचार त्यांना, वाईट वाटलं का. मला ते विचारायला नको वाटत होतं, पण विचारलं.

आजोबांनी सोललेले दाणे आमच्यापुढे सरकवले.

"वाटलं," ते म्हणाले. "फार वाटलं. पण या वेळी नाही मीच म्हणालो होतो, त्यामुळे कोणावर रागवायचं ते शोधत बसावं लागलं नाही."